ना खर्चायचं नाणं, ना लढायचं जहाज

माझ्याकडे एका छोट्या डबीत १० युरोचं चांदीचं नाणं आहे, जर्मनीचं, २००८ सालचं. एका बाजूला गरुड आणि दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. हे जहाज म्हणजे गॉर्ख फॉक, जर्मन नौदलाचं ट्रेनिंगचं जहाज, आणि त्याला ५० वर्षं झाली म्हणून हे नाणं काढलं होतं. कुणालाही दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला, "हे चालतं का?" आणि दुसरा, "आता याचे किती येतील?" जहाजाबद्दल सहसा कुणी विचारत नाही. दोन्ही प्रश्नांचं उत्तर "हो, पण..." असं सुरू होतं आणि मग अर्धा तास जातो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

आधी चालण्याचं बघू. युरो वापरणाऱ्या देशांत स्मारक नाणी दोन जातींची असतात आणि लोक हमखास इथेच गोंधळतात. एक जात २ युरोची. नेहमीचंच २ युरोचं नाणं, तेच वजन, तोच धातू, फक्त एका बाजूचं चित्र वेगळं. हे सगळ्या युरो देशांत चालतं, म्हणजे फिनलंडनं काढलेलं नाणं पोर्तुगालमधल्या बसमध्ये द्या, कुणी काही म्हणणार नाही. दुसरी जात म्हणजे कलेक्टरसाठी काढलेली ५, १०, २० युरोची नाणी, आकार वेगळा, धातू वेगळा. ही फक्त ज्या देशानं काढली त्याच देशात कायदेशीर चलन असतात. माझं नाणं या दुसऱ्या जातीतलं, म्हणजे जर्मनीतल्या कील शहरात १० युरो आणि पॅरिसमध्ये चांदीचा गोल तुकडा.

जर्मनीतसुद्धा एक मर्यादा आहे. तिथल्या नाण्यांच्या कायद्याप्रमाणे एका वेळच्या पेमेंटमध्ये २०० युरोपेक्षा जास्त रकमेची अशी स्मारक नाणी घ्यायला कुणावरही सक्ती नाही. म्हणजे २० नाणी घेऊन गेलात तर समोरच्यानं घ्यायला हवीत, २१ व्या नाण्याला तो नाही म्हणू शकतो. अर्थात २० चांदीची नाणी मोजून सामान घेणारा माणूस अजून तरी कुणी पाहिला नसेल.

आता किंमत. नाण्याला एकाच वेळी तीन किमती असतात हे डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे. एक छापील किंमत, इथे १० युरो. दुसरी आतल्या धातूची. तिसरी कलेक्टर जे देईल ती. नाण्याचं वजन १८ ग्रॅम, चांदी ९२५, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध. १८ गुणिले ०.९२५ म्हणजे १६.६५ ग्रॅम शुद्ध चांदी, अर्ध्या औंसाहून किंचित जास्त (चांदीचा औंस साधारण ३१ ग्रॅमचा). २००८ मध्ये चांदी एका औंसाला साधारण ९ ते २१ डॉलरच्या मधे हेलकावत होती, त्यामुळे त्या वर्षी या नाण्यात ढोबळमानानं ४ ते ७ युरोची चांदी होती. सरकार ते १० युरोला देत होतं. साधी आवृत्ती तर बँकेत जाऊन अक्षरशः १० युरो द्या आणि १० युरोचं नाणं घ्या अशी मिळायची.

म्हणजे घेणाऱ्यासाठी हा सौदा फारच मजेशीर होता. चांदी पडली तरी तुमचे १० युरो शाबूत, कारण छापील किंमत सरकारच्या नावावर आहे, चांदी चढली तर वरचा फायदा तुमचा. खाली जमीन आणि वर मोकळं आकाश.

मग झालं तेच जे व्हायचं होतं. एप्रिल २०११ मध्ये चांदी औंसाला ४८ डॉलरच्या आसपास पोचली. तेव्हा माझ्या डबीतल्या नाण्यात नुसती चांदीच १७ युरोच्या घरात होती. अशी नाणी सरकार १० युरोला विकत बसलं तर लोक पोती भरून नेतील आणि वितळवतील, त्यामुळे २०११ पासून जर्मनीनं रेसिपीच बदलली. साधं १० युरोचं नाणं तांबं-निकेलचं झालं, चांदी राहिली फक्त प्रूफ, म्हणजे कलेक्टरसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यात, तीसुद्धा ६२५ ची, वजन १६ ग्रॅम. गुणाकार करून बघा, बरोब्बर १० ग्रॅम शुद्ध चांदी येते. पुढे २०१६ मध्ये परत ९२५ चांदी आणि १८ ग्रॅम आले, पण छापील किंमत २० युरो करून. धातू तोच, वजन तेच, आकडा दुप्पट.

आता एक गैरसमज, आणि हा मला स्वतःलाच बरीच वर्षं होता. मला वाटायचं की जहाजाचं नाणं घेतलं म्हणजे आपला काहीतरी खारीचा वाटा त्या जहाजाला गेला. तसं काही नसतं. युरोच्या नोटा मध्यवर्ती बँकेच्या, पण जर्मनीत नाणी काढण्याचा हक्क केंद्र सरकारचा. अर्थखातं नाणी पाडून घेतं, त्यांची मध्यवर्ती बँक म्हणजे बुंडेसबँक ती छापील किमतीला बाजारात सोडते, आणि पाडायचा खर्च वजा जाता जे उरतं ते सरकारच्या तिजोरीत. त्यातून रस्ता होईल, पेन्शन जाईल, जहाजाची शिडं शिवली जातीलच असं काही नाही. शिवाय नाणं म्हणजे सरकारनं दिलेलं वचन आहे, कधीही या आणि याचे १० युरो घ्या. परत मागता येतात त्या पैशाला देणगी कसं म्हणणार?

देणगी हवी असेल तर नाणं नाही, पदक काढावं लागतं. पदकावर रक्कम नसते, ते चलन नसतं, त्यामुळे सरकार तुमचं काही देणं लागत नाही आणि वरचे सगळे पैसे ज्या कामासाठी काढलं त्या कामाला जाऊ शकतात. नाणं आणि पदक दोन्ही गोल, दोन्ही चांदीची, दोन्हींवर जहाज, बघून फरक पटकन कळतही नाही. आणि या जहाजाच्या गोष्टीत खरंच एक पदक आहे. नाण्याच्या ७६ वर्षं आधीचं.

२६ जुलै १९३२. जर्मन नौदलाचं निओबी नावाचं ट्रेनिंगचं शिडाचं जहाज बाल्टिक समुद्रात फेमार्न बेटाजवळून चाललं होतं. उन्हाळ्याचे दिवस, उकाडा, म्हणून खिडक्या-झडपा उघड्या. अचानक वादळी वाऱ्याचा एक फटकारा आला, जहाज आडवं झालं आणि उघड्या झडपांतून पाणी आत घुसलं. काही मिनिटांत सगळं संपलं. ६९ जण गेले, त्यात बरेचसे शिकाऊ पोरं. जवळून जाणाऱ्या एका मालवाहू जहाजानं ४० जणांना बाहेर काढलं.

देश हादरला आणि नवीन जहाजासाठी लोकांकडून पैसा गोळा करायला सुरुवात झाली. त्यासाठी निओबीचं चांदीचं पदक पाडून विकलं, "लोकवर्गणी" या अर्थाचा शब्द त्याच्यावरच होता. बाकी सरकारनं घातलं. हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीनं १०० दिवसांत जहाज उभं केलं, ३ मे १९३३ ला ते पाण्यात उतरलं, आणि नाव ठेवलं गॉर्ख फॉक. हे एका लेखकाचं टोपणनाव. माणसाचं खरं नाव योहान किनाउ, हॅम्बुर्गजवळच्या फिंकेनवेर्डर बेटावरच्या कोळ्याचा मुलगा, समुद्रावर लिहायचा, आणि ३१ मे १९१६ ला पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या समुद्री लढाईत वीसबाडेन या युद्धनौकेवर मेला. गंमत म्हणजे जर्मनमध्ये फॉक म्हणजे पुढच्या डोलकाठीचं शीड, त्यामुळे शिडाच्या जहाजाला हे नाव बसलंही एकदम चपखल.

थांबा, माझ्या नाण्यावरचं जहाज हे नव्हे. हे पहिलं गॉर्ख फॉक. १९४५ मध्ये रशियन फौजा आल्या तेव्हा जर्मनांनीच ते श्ट्रालझुंडजवळ बुडवलं, सोव्हिएत लोकांनी नंतर वर काढलं, तोवारिश नाव देऊन अनेक वर्षं वापरलं, सोव्हिएत संघ मोडल्यावर ते युक्रेनकडे गेलं आणि २००३ मध्ये फिरून श्ट्रालझुंडला येऊन म्युझियम म्हणून उभं राहिलं. याच आराखड्यावर त्याच गोदीनं बांधलेली भावंडं युद्धानंतर कुठच्या कुठे पांगली. एक अमेरिकन कोस्ट गार्डकडे ईगल नावानं आहे, एक ब्राझीलमार्गे पोर्तुगालला जाऊन साग्रेस झालं, आणि रोमानियासाठी बांधलेलं मिर्चा रोमानियातच राहिलं. त्यामुळे कुठल्या देशाच्या नाण्यावर तीन डोलकाठ्यांचं पांढरं जहाज दिसलं तर नाव वाचल्याशिवाय पैज लावू नका.

नाण्यावरचं गॉर्ख फॉक दुसरं, त्याच गोदीतलं, १९५८ चं. आणि त्याच्याही आधी एक बुडालेलं जहाज आहेच. पामीर. हे नौदलाचं नव्हतं, व्यापारी जहाज, पण त्याच्यावरही शिकाऊ पोरं असायची. ब्युनॉस आयर्सहून सुटं बार्ली भरून हॅम्बुर्गला येत असताना २१ सप्टेंबर १९५७ ला अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येला ते कॅरी नावाच्या चक्रीवादळात सापडलं. सुटं धान्य जहाज कललं की एका बाजूला सरकतं, आणि एकदा सरकलं की जहाज परत सरळ व्हायला बघत नाही. ८६ पैकी ८० जण गेले, ६ वाचले.

नवीन गॉर्ख फॉकचं काम तेव्हा मार्गी लागलेलं होतं. लोक विचारायला लागले, अजून शिडाची जहाजं हवीतच कशाला? नौदलानं जहाज रद्द केलं नाही, आराखडा मात्र सुरक्षेच्या नजरेनं पुन्हा तपासून घेतला, कितीही कललं तरी परत सरळ कसं होईल यावर जास्त लक्ष दिलं. २३ ऑगस्ट १९५८ ला ते पाण्यात उतरलं आणि १७ डिसेंबरला नौदलात दाखल झालं. लांबी ८९ मीटर, शिडं २३, सगळ्यात उंच डोलकाठी पाण्यापासून ४५ मीटर, म्हणजे १५ मजली बिल्डिंग समजा.

हा "कशाला" वाला प्रश्न मलाही पडायचा. पाणबुड्या आणि क्षेपणास्त्रांच्या जमान्यात अधिकारी होणाऱ्या पोरांना दोऱ्या ओढायला लावण्यात काय हशील? हे जहाज लढत नाही, लढू शकतही नाही.

थोडं जवळून बघू. या प्रकारच्या जहाजाला बार्क म्हणतात, पुढच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं आडव्या दांड्यांना टांगलेली, मागच्या डोलकाठीवर जहाजाच्या लांबीच्या दिशेनं लावलेलं शीड. चौकोनी शिडं पाठीमागून येणारा वारा मस्त पकडतात, मागचं शीड जहाजाला वळवायला आणि तोल सांभाळायला मदत करतं. आता समजा दिशा बदलायची आहे. एका डोलकाठीवरच्या सगळ्या आडव्या दांड्या फिरवायच्या, आणि त्या दोरांनी, माणसांच्या रांगांनी ओढून. एकीकडे ओढायचं तेव्हा दुसरीकडे त्याच वेळी सैल सोडायचं. कुणी एक सेकंद आधी सोडलं की वरचं शीड फडफडतं आणि आख्खं जहाज वाऱ्यात तोंड घालून उभं राहतं. असे दोर डझनावारी, प्रत्येकाची खुंटी ठरलेली, आणि रात्री अंधारात पावसात हात घातला की बरोबर तोच दोर सापडला पाहिजे. इंजिन असलेल्या जहाजावर बटण दाबणारा एकटा पुरतो, इथे एकट्याला काहीच करता येत नाही, तुम्ही मंत्र्याचे चिरंजीव का असेना. हवामानाचंही तसंच. स्क्रीनवर वाऱ्याचा आकडा वाचणं वेगळं आणि वर दांडीवर पोटावर ओणवं होऊन ओलं शीड गुंडाळताना तो वारा अंगावर घेणं वेगळं. वर चढणाऱ्या पोरांना जुन्या खलाशांचा नियम शिकवतात, एक हात जहाजासाठी आणि एक हात स्वतःसाठी.

याची किंमतही मोजावी लागली आहे हे लपवण्यात अर्थ नाही. २०१० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर एक शिकाऊ अधिकारी डोलकाठीवरून पडून गेली, ट्रेनिंग थांबलं, आणि जर्मनीत तोच १९५७ चा प्रश्न परत सुरू झाला. माझं मत विचाराल तर शिडांमधून जे शिकता येतं ते खरं आहे, पण "परंपरा आहे" एवढंच कारण कुणी देत असेल तर ते पुरेसं नाही.

जर्मन माणसाला मात्र हे जहाज नाण्यामुळे माहीत झालं असं नाही. १९६३ पासून पुढे कितीतरी वर्षं १० मार्कांच्या निळ्या नोटेच्या मागच्या बाजूला हेच गॉर्ख फॉक छापलेलं असायचं. म्हणजे एका आख्ख्या पिढीच्या खिशात रोज हे जहाज होतं, ब्रेड घेताना दिलं, सुट्टे म्हणून परत आलं, घामानं चुरगळलं. पुढच्या मालिकेत १० मार्कांवर गणितज्ञ गाउस आला. ती नोट आता दुकानात चालत नाही, पण बुंडेसबँक मार्कांच्या नोटा आजही बदलून देते, मुदत नाही. १ युरोला १.९५५८३ मार्क हा कायमचा दर, म्हणजे जहाजाच्या नोटेचे ५ युरो ११ सेंट.

परत नाण्याकडे येतो, भिंग घेऊन. गरुडाच्या बाजूला देशाचं नाव, साल, १० युरो, १२ तारे आणि एक एकटं अक्षर, J. हे टांकसाळीचं चिन्ह. जर्मनीत पाच टांकसाळी आहेत आणि प्रत्येकीचं एक अक्षर, A बर्लिन, D म्युनिक, F श्टुटगार्ट, G कार्ल्सरुहं आणि J हॅम्बुर्ग. मधली B, C, E, H ही अक्षरं ज्या टांकसाळींची होती त्या केव्हाच बंद पडल्या. म्हणजे जहाज ज्या शहरात बांधलं त्याच शहरात त्याचं नाणंही पाडलं, हे मला फार आवडतं.

शिडाचं जहाज नाण्यावर पाडणं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. नाणं पाडताना दोन साच्यांच्या मधे गोल चकती दाबतात आणि थंड धातू दाबाखाली अक्षरशः वाहून साच्याच्या खड्ड्यांत शिरतो. एका बाजूला जहाजाचा उठाव आणि बरोब्बर त्याच्या मागे गरुडाच्या छातीचा उठाव आला तर दोन्हीकडे भरायला धातू कमी पडू शकतो, म्हणून उठाव अगदी कमी उंचीत बसवावे लागतात. वर दोर. खऱ्या जहाजावर दोरांचं जाळं असतं, नाणं ३२.५ मिलिमीटरचं, तर सगळे दोर कोरायला गेलात तर नुसती खरड दिसेल. कलाकाराला कुठले दोर ठेवायचे आणि कुठले गाळायचे हे ठरवायला लागतं. जर्मनीत यासाठी कलाकारांची स्पर्धा घेतात आणि परीक्षक मंडळ डिझाईन निवडतं.

हेच नाणं साधं आणि प्रूफ अशा दोन प्रकारांत येतं. प्रूफ म्हणजे खास पॉलिश केलेल्या साच्यानं, जपून, एकाहून जास्त वेळा दाबून पाडलेलं. मोकळी जागा आरशासारखी आणि चित्र दुधट. ते छापील किमतीला मिळत नाही, जास्त पैसे पडतात, आणि ते हातात घ्यायचं तर कडेला धरूनच.

माझं प्रूफ आहे. होतं म्हणा. काही वर्षांनी त्याच्यावर पिवळट-काळपट छटा आली, चांदीवर हवेतल्या गंधकामुळे येते तशी, आणि मी शहाणपणा करून टूथपेस्ट घेतली. चांदीची भांडी घासतात ना, तसं. दोन मिनिटांत काळपटपणा गेला आणि त्याच्याबरोबर आरसाही गेला, उजेडात तिरकं धरलं की आता जहाजाभोवती बारीक गोल गोल ओरखडे दिसतात. कलेक्टर लोक असं नाणं लांबूनच ओळखतात आणि सरळ चांदीचा भाव सांगतात, कारण छटा आलेलं नाणं त्यांना चालतं, घासलेलं चालत नाही. म्हणजे तीन किमतींपैकी तिसरी मी स्वतःच्या हातानं पुसून टाकली.

जहाजाचं घासणं-पुसणं मात्र माझ्या टूथपेस्टहून बरंच महाग पडलं. २०१५ च्या सुमाराला त्याला दुरुस्तीला घेतलं तेव्हा अंदाज होता १० मिलियन युरोच्या आसपास. उघडून बघतात तर आत सगळं जीर्ण, पत्रा बदला, डेक बदला, डोलकाठ्या बदला, मग काम बंद, मग चौकशा, आणि शेवटी आकडा गेला १३५ मिलियनवर. २०२१ मध्ये जहाज नौदलाला परत मिळालं. या वेळी पदकही निघालं नाही आणि वर्गणीही नाही, सगळं सरकारी बजेटमधून.

मध्यंतरी एका मित्रानं परत विचारलंच, "पण हे चालतं का?" म्हटलं चालतं, कीलला जा, ओरखडे बघून १० चे ९ कुणी करणार नाही. तो म्हणाला मग घासलं म्हणून रडतोस कशाला. मी डबी बंद केली.